कडेकडेने फिरलेला आवाज

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. पण मित्रांनो, लगेच डोळ्यांपुढे विमाने पाडायचा खेळ आणू नका. मी आजवर एकही विमान पाडलेले नाही. मी आवाज फिरवले आहेत, खऱ्या खोलीत आणि खऱ्या माणसांभोवती.

माझ्याबद्दल लोक बरेच काही बोलतात. कोणी म्हणते, ही फसलेल्या कल्पनेची उरलेली आठवण आहे. कोणी म्हणते भंगार, तर कोणी म्हणते शोभेची वस्तू. यातले एकही मला मान्य नाही. मी कोण आहे ते मीच सांगते, म्हणजे मधे कोणाची ढवळाढवळ नको.

दिसायला मी साधी आहे. जेवणाच्या डब्याएवढी राखाडी पत्र्याची पेटी, वरून बाहेर आलेली एक चकचकीत दांडी, दांडीच्या डोक्यावर काळी गोल मूठ आणि बुडाशी रबराची कॉलर. पाठीमागे तारा लावायला चार भोके आहेत. त्यांच्या शेजारी एक, दोन, तीन, चार असे आकडे सुईने कोरलेले आहेत.

माझे काम समजायला एक प्रयोग करा. खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून बसा आणि डोळे मिटा. बहिणीला किंवा भावाला टिचक्या वाजवत खोलीभर फिरायला सांगा. टिचकी कुठे आहे ते तुम्हाला न बघताही कळेल. आता बहिणीच्या जागी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर आहेत असे समजा. टिचकी कोणत्या कोपऱ्यात किती ऐकू यावी, हे माझी दांडी ठरवते. दांडी पुढे डावीकडे ढकलली की आवाज पुढच्या डाव्या कोपऱ्यात जातो. मागे उजवीकडे ओढली की तो तुमच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. अशा चार बाजूंच्या ध्वनिमुद्रिकांना त्या काळी 'क्वाड' म्हणत.

मला एका कारागिराने बनवले. आतल्या तारा गरम कथलाने जोडताना त्याचे बोट भाजले आणि तो जे काही बोलला तो मी ऐकलेला पहिला आवाज. तो शब्द तुम्हाला सांगण्यासारखा नाही. तिथून मी थेट स्टुडिओत गेले.

स्टुडिओची खोली बिनखिडकीची होती. भिंतींना जाड कापड लावलेले होते. मधे बटणांनी भरलेले लांबलचक टेबल आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर होते. स्टुडिओचे मुख्य ध्वनिमुद्रक होते मास्तर. त्यांचा कान फार तयार होता. वाजवणाऱ्याच्या बुटाची नाडी सुटली तरी त्यांना ऐकू येई, असे लोक म्हणत. पण क्वाड त्यांना मुळीच आवडत नसे.

"माणसाला कान किती? दोन!" ते मला बघून म्हणत. "आज चार स्पीकर लावलेत, उद्या म्हणतील चार पाय लावा."

त्यामुळे व्हायचे असे की, ध्वनिमुद्रिकेची नेहमीची, दोन स्पीकरांची आवृत्ती मास्तर तयार करत आणि चार स्पीकरांचे काम मदतनीस मुलीकडे सोपवत. ती शिकलेली ध्वनिमुद्रक होती, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. तिने व्हायोलिन पहिल्यांदा खोलीभर फिरवले तेव्हा मास्तर वैतागून म्हणाले, "ही मुलगी आहे की भिंगरी?" तेव्हापासून ती सगळ्यांची भिंगरी झाली.

मला पुष्कळ हात लागले, पण भिंगरीचा हात वेगळा होता. बाकीचे मला वेड्यासारखे हलवत. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जणू भाजीच ढवळत आहेत. भिंगरी मला नेहमी कडेकडेने फिरवायची. तिचा आवाज भिंतीला धरून चालायचा.

"मधल्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय असं धरून चालायचं," ती एकदा व्हायोलिनवाल्याला सांगत होती. "जेवायला बसलेल्याच्या डोक्यावरून आपण ताट नेतो का? बाजूनं नेतो ना? मग आवाज का डोक्यावरून न्यायचा?"

मित्रांनो, शिकवणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. आजही माझी रबराची कॉलर बघा. कडेने सगळी झिजली आहे आणि मधे अगदी नवी आहे.

ध्वनिमुद्रिका निघत. वेष्टनावर एक ओळ असे, ध्वनिमुद्रण अमुक अमुक. तिथे मुख्य ध्वनिमुद्रकाचे नाव छापले जाई, मग ती ध्वनिमुद्रिका दोन स्पीकरांची असो की चारांची. मास्तर दुष्ट नव्हते. रीतच तशी होती, आणि रीत मोडायला कोणालातरी आधी भांडावे लागते. भिंगरी भांडली.

"मास्तर, हे काम माझं आहे. माझं नाव कुठाय?"

"पुढच्या वेळी बघू गं."

पण पुढची वेळ आलीच नाही. चार स्पीकर विकत घ्यायला लोक तयार होईनात. कंपन्यांनी क्वाड बंद केले. भिंगरी दुसऱ्या कामाला लागली आणि मला कपाटात टाकले. पुढे स्टुडिओच बंद झाला. मी या दुकानातून त्या दुकानात गेले. एका दुकानदाराने माझ्या दांडीला किल्ल्या अडकवल्या. दुसऱ्याने मला दाराला टेकण म्हणून वापरले. माझी कीव करू नका. मी दार चांगले धरून ठेवत होते. पण माझे काम संपले, असे मी एकदाही कबूल केले नाही.

मग एके दिवशी मला एका माणसाने उचलले आणि तो दुकानातच आनंदाने ओरडला. तो होता दातांचा डॉक्टर. जुन्या क्वाड ध्वनिमुद्रिका जमवण्याचे त्याला वेड होते. त्याने मला घरी नेऊन दात साफ करायच्या छोट्या ब्रशने आतून बाहेरून घासले. "आता चूळ भरा," एवढे म्हणायचेच तो विसरला.

"आणखी एक डबा?" डॉक्टरची बायको म्हणाली. "घरात चार स्पीकर, हजार तारा, आणि मी हाक मारली की यांना ऐकू येत नाही."

डॉक्टर ध्वनिमुद्रिका नुसत्या जमवत नसे. त्या चार बाजूंनी कोणी सजवल्या हे तो शोधत असे. वेष्टनावरच्या एका ओळीवर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या लक्षात आले होते की, मास्तरांचे नाव असलेल्या काही क्वाड ध्वनिमुद्रिकांत आवाज कायम भिंतीकडेने फिरतो. मास्तरांच्या दोन स्पीकरांच्या कामात असा फिरवण्याचा सोस कुठेच नव्हता. मग हा दुसरा हात कोणाचा?

उत्तर त्याला दवाखान्यातच मिळाले. कवळी बसवायला आलेला एक म्हातारा व्हायोलिनवाला तोंडातला कापूस काढून म्हणाला, "मास्तरांनी? छे! ते सगळं आमच्या भिंगरीचं."

त्याच सुमारास मास्तरांच्या मुलाने वडिलांची एक न निघालेली क्वाड ध्वनिमुद्रिका बाजारात आणायचे ठरवले. काम झाले होते, पण कंपनीने क्वाड बंद केले म्हणून ती तशीच पडून राहिली होती. मास्तर आता हयात नव्हते. मुलाने मूळ टेप एका नव्या स्टुडिओत देऊन तिची संगणकावर नक्कल करून घेतली. वेष्टन दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होते, आणि त्यावर नाव होते मास्तरांचे. डॉक्टरने मुलाला गाठून सांगितले, "एकदा भिंगरीबाईंना ऐकू द्या. त्यांचं काम असेल तर त्या ओळखतील."

मुलगा सरळ होता. लहानपणापासून तो तिला आत्या म्हणत आला होता. तो म्हणाला, "आत्या म्हणाली माझं, तर मी तिचं नाव छापीन. पण तिनं म्हणायला हवं."

तर त्या दुपारी डॉक्टरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. भिंगरी आली. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, आणि जीभ होती तशीच. मी शेल्फवर होते. तिने मला पाहिले नाही.

"खुर्ची मधोमध नाही," ती आल्याआल्या म्हणाली. "जरा मागे घ्या. हं. लावा आता."

डॉक्टरने नक्कल लावली. व्हायोलिन पुढच्या डाव्या कोपऱ्यातून निघाले, पुढच्या भिंतीने उजवीकडे गेले, आणि तिथून एकदम तिरके, खुर्चीवरून झेप घेत मागच्या डाव्या कोपऱ्यात पडले. भिंगरीचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला.

"बंद करा."

"आत्या, आठवतंय का?" मुलाने विचारले.

"काय आठवायचं? हे माझं नाही. असलं भोंगळ काम मी जन्मात केलेलं नाही. माणसाच्या डोक्यावरून व्हायोलिन नेलंय!"

"नीट ऐका ना बाई," डॉक्टर काकुळतीला आला. "पुन्हा लावू?"

"नाही म्हणजे नाही. मला नाव नाही मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्याची घाण माझ्या नावावर नको."

मित्रांनो, मी शेल्फवर तडफडत होते. काम तिचेच होते. मी स्वतः तिच्या हाताखाली होते. पण मला तोंड नाही, फक्त एक दांडी आहे. मुलगा उठून जोडे घालू लागला. प्रश्न मिटला होता. वडिलांचे नाव राहणार होते, आणि तेही तिच्याच शब्दाने.

"चहा तरी घेऊन जा," डॉक्टरची बायको म्हणाली. मग जड झालेले वातावरण हलके करावे म्हणून तिने मला शेल्फवरून उचलून भिंगरीच्या मांडीवर ठेवले. "आणि हा डबा काय आहे ते मला एकदा समजावून सांगा. यांनी सांगितलेलं मला काही कळत नाही."

भिंगरीने मला फिरवून पाठीमागचे आकडे पाहिले. तिने अंगठा माझ्या मुठीवर ठेवला. अंगठा सुरकुतला होता, पण जागा तीच होती.

"ही चालते का?" तिने विचारले.

चालते का? मला विचारा ना!

डॉक्टरने माझ्या चार भोकांतून चार तारा काढून आपल्या यंत्राला जोडल्या. एक नंबर एकात, दोन दोनात, तीन तीनात, चार चारात. टेबलावरच्या गजराच्या घड्याळापुढे त्याने मायक्रोफोन ठेवला आणि ती टिकटिक माझ्यातून सोडली. भिंगरीने मला हळूच कडेने फिरवायला घेतले. टिकटिक पुढे डावीकडून पुढे उजवीकडे गेली आणि मग टुणकन उडी मारून मागच्या डाव्या कोपऱ्यात.

क्षणभर मलाच धडकी भरली. मी बिघडले की काय?

"तुमचे मागचे दोन स्पीकर उलटे लागलेत," भिंगरी म्हणाली.

"शक्य नाही, बाई. मी रोज तपासतो. तीन नंबर मागे डावीकडे, चार नंबर मागे उजवीकडे."

"तीन नंबर मागे डावीकडे? असं कोण मोजतं?"

"सगळेच मोजतात. वाचतो तसं. आधी पुढची ओळ, डावीकडून उजवीकडे. मग मागची ओळ, डावीकडून उजवीकडे."

"आमच्याकडे नाही," भिंगरी म्हणाली. "मास्तरांनी खडू घेऊन स्पीकरांवर आकडे घातले तेव्हा ते खोलीभोवती चालत गेले. पुढे डावा एक, पुढे उजवा दोन, तसंच वळून मागे उजवा तीन, मग मागे डावा चार. आमच्या स्टुडिओत सगळं असंच. ही पेटीसुद्धा, आणि..."

ती थांबली. डॉक्टरने तिच्याकडे पाहिले, मुलाने डॉक्टरकडे पाहिले.

"आणि टेपसुद्धा," डॉक्टर म्हणाला.

समजले ना, मित्रांनो? निघालेल्या ध्वनिमुद्रिकांत कंपनीने मागच्या बाजू नीट लावून घेतल्या होत्या, ही टेप तिथवर पोचलीच नव्हती, आणि नव्या स्टुडिओने ती आपल्या पद्धतीने मोजली. त्यामुळे मागचा उजवा आवाज मागे डावीकडे गेला आणि डावा उजवीकडे. कोणी खोटेपणा केला नव्हता. दोन शहाण्या माणसांनी एकच खोली दोन तऱ्हांनी मोजली, एवढेच. पण त्यामुळे भिंतीकडेने चालणारे व्हायोलिन माणसाच्या डोक्यावरून उड्या मारू लागले, आणि ज्या बाईने ते बनवले तिलाच ते ओळखू येईना.

डॉक्टर गुडघ्यावर बसून तारा बदलू लागला. आधी माझ्या, मग टेपच्या नकलेच्या. घाईत त्याने एक तार दोनदा चुकीच्या भोकात घातली. ज्याच्या हाती दात द्यायचे त्याने असे चुकणे बरे नव्हे, पण त्या दिवशी मी त्याला माफ केले.

पुन्हा संगीत सुरू झाले. व्हायोलिन डावीकडून उजवीकडे गेले, वळले, उजव्या भिंतीने मागे गेले, पाठीमागून चालत डावीकडे आले आणि पुन्हा पुढे. खुर्चीभोवती पूर्ण फेरी झाली. खुर्चीला धक्काही नाही.

"हं," भिंगरी म्हणाली. "हे माझं."

मुलगा उभाच होता. त्याच्या हातात अजून एक जोडा होता. "आत्या, रागावू नकोस. मघाशी तू नाही म्हणालीस. आता दुरुस्त झाल्यावर हो म्हणतेस. चांगलं ऐकू आलं की कोणीही माझं म्हणेल."

डॉक्टर काहीतरी बोलणार होता, पण भिंगरीने हात वर केला. ती रागावली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. मला ते डोळे माहीत होते.

"बरोबर बोललास. मीही असंच विचारलं असतं. ठेव तो जोडा खाली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं काढ. ते आज कोणी लावलेलं नाही. व्हायोलिन टेपमधून येईल. घड्याळाची टिकटिक माझ्या हातातून जाईल. दोन्ही एकत्र ऐक आणि मग ठरव."

मुलाने ते गाणे स्वतः काढून लावले. भिंगरीने डोळे मिटले.

मित्रांनो, हात विसरत नाही. व्हायोलिन निघाले आणि माझी टिकटिक त्याच्या शेजारून निघाली, जशा दोन बहिणी शाळेला निघाव्यात. व्हायोलिन रेंगाळले तिथे ती मला रेंगाळवत होती. ते घाईने वळले तिथे ती मला घाईने वळवत होती. मी थोडी करकरत होते, पण मागे पडले नाही. मग व्हायोलिन थांबले. नुसता ढोल राहिला. फिरवायला काही उरलेच नव्हते. तरी भिंगरीचा हात थांबला नाही. टिकटिक एकटीच मागच्या भिंतीने सरकत सरकत गेली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थबकली. मुलाने भुवया उंचावल्या.

आणि त्याच कोपऱ्यातून, टिकटिकीच्या अगदी पोटातून, व्हायोलिन पुन्हा सुरू झाले.

"अगं बाई!" डॉक्टरची बायको म्हणाली.

शेवटाला मात्र गडबड झाली. बासरी आली. भिंगरीने मला उजव्या भिंतीने वळवले, आणि बासरी सरळ खोलीच्या मधून, खुर्चीच्या डोक्यावरून पार झाली. टिकटिक एकीकडे, बासरी दुसरीकडे. भिंगरीने डोळे उघडले. डॉक्टरचा चेहरा पडला. सगळे चांगले चालले असताना हे काय?

ती चूक लपवू शकली असती. हात थकला, वय झाले, असे म्हणता आले असते. पण ती मोठ्याने हसली.

"हे मी नाही केलेलं. थांब, थांब... मी चहा प्यायला गेले होते. परत आले तर मास्तर माझ्या खुर्चीत! म्हणाले, एवढं काय कठीण आहे, मीही फिरवून बघितलं. मी म्हटलं, तुम्ही बासरी लोकांच्या डोक्यावरून नेलीत. तर म्हणाले, राहू दे गं, मला मजा आली." तिने मुलाकडे पाहिले. "तेवढा तुकडा तुझ्या बाबांचा. तो मी माझ्या नावावर घेणार नाही. आणि बाकीचा सोडणारही नाही."

भिंगरी खुर्चीवरून उठली आणि तिने मुलाला जागा दिली. तो मधल्या खुर्चीवर येऊन बसला आणि म्हणाला, "तेवढंच परत लावता?"

डॉक्टरने लावले. बासरी पुढून आली आणि त्याच्या डोक्यावरून गेली. त्याने नकळत मान खाली घातली, आणि मग त्याला हसू आले. त्याने चष्मा काढून पुसला.

"बाबांना क्वाड आवडत नव्हतं," तो म्हणाला.

"तेवढा वेळ आवडलं होतं," भिंगरी म्हणाली.

त्याने तिथूनच छापखान्याला फोन केला. "वेष्टन थांबवा. नाव बदलायचंय. हो, 'ध्वनिमुद्रण' लिहिलंय ना, तिथे. आणि खाली एक ओळ वाढवा, शेवटच्या गाण्यातली बासरी..." त्याने भिंगरीकडे पाहिले. तिने मान हलवली. "...बासरी बाबांनी फिरवली. म्हणजे मास्तरांनी, असं लिहा."

"आणि नव्या स्टुडिओला आधी तारा नीट लावायला सांग," भिंगरी म्हणाली. "नाहीतर नाव माझं आणि उड्या त्यांच्या."

तर मित्रांनो, अशी मी. आता डॉक्टर म्हणतो आहे, तिला काचेच्या पेटीत ठेवू या, खाली पाटी लावू या. मी आत्ताच सांगते, मला काच नको. वस्तू जपायची म्हणजे तिला झाकून ठेवायची नव्हे. तिची धूळ काढा, तिला तेल द्या, आणि तिला काम द्या. काचेत ठेवले तर मी करकरणेही विसरेन.

आणि कोणतेही चांगले काम ऐकलेत, पाहिलेत, हातात घेतलेत, तर ते कोणी केले हे विचारा. वेष्टनावर एक नाव असेल तर दुसरे कोणी होते का, हेही विचारा. उत्तर द्यायला लोक कंटाळतील. म्हणतील, सोडा ना, जुनी गोष्ट आहे. तुम्ही सोडू नका. आणि जे ज्याचे आहे ते त्याला द्याल तेव्हा पूर्ण द्या, बासरीसकट.

बघा, डॉक्टरची बायको मूठ हातात घेऊन बसली आहे. भिंगरी तिला शिकवते आहे. "मधून नको गं, कडेनं, कडेनं." ती मला मधूनच नेते आहे. नेऊ दे. माझ्या कॉलरचा मधला भाग अजून कोरा आहे, आणि मला झिजायला वेळ आहे.